शत्रूच्या ओठी पाणी

29 एप्रिल 1864 रोजी न्यूझीलंडमधील तौरंगा येथे जनरल डंकन कॅमेरून यांच्या सुमारे 1,700 सैनिकांनी पुकेहिनाहिना टेकडीवरील माओरींच्या गढीवर हल्ला चढवला. इंग्रज या जागेला गेट पा म्हणत. गढीत जेमतेम 230 माओरी होते. दिवसभर तोफांचा भडिमार झाला. तरीही खंदकांच्या आश्रयाने तग धरलेल्या माओरींनी आत घुसलेल्या फौजेला परतवून लावले. इंग्रजांचे शंभराहून अधिक सैनिक मेले वा जखमी झाले.

गढीत पडलेले जखमी इंग्रज पाण्यासाठी व्याकुळ झाले होते. माओरींच्या बाजूने लढणाऱ्या हेनी ते किरी करामू या स्त्रीने त्यांना पाणी पाजले. त्यांत लेफ्टनंट कर्नल बूथही होते. ते पुढे त्या जखमांनीच मरण पावले.

हे पाणी केवळ क्षणिक दयेपोटी दिलेले नव्हते. महिनाभर आधीच, मार्च 1864 मध्ये, माओरींनी युद्धाचे नियम लिहून इंग्रज सेनाधिकाऱ्याला कळवले होते. जखमी वा पकडलेल्या सैनिकाने बंदुकीचा दस्ता पुढे केला, तर त्याला जीवदान मिळेल. निःशस्त्र गोरे, स्त्रिया आणि मुले यांना अभय राहील, असे त्यांत होते. युद्धातील जखमींविषयीचा पहिला जिनिव्हा करार त्यानंतर, ऑगस्टमध्ये झाला. हे नियम लिहिणारा हेनारे तारातोआ ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे शिकलेला होता. करुणा ही कोणा एका धर्माची मक्तेदारी नाही, हेच यातून दिसते.

21 जून रोजी ते रांगा येथे माओरी खंदक खोदत असतानाच इंग्रजांनी त्यांना गाठले. शंभराहून अधिक माओरी मारले गेले. गेट पा येथील सेनानी राविरी पुहिराके आणि तारातोआ दोघेही त्यांत होते. पुढे सरकारने तौरंगा परिसरातील जमीन जप्त केली आणि सुमारे 50,000 एकर कायमची आपल्याकडे ठेवली.

जेत्यांनी हेनीच्या पाण्याचे कौतुक केले, ते देणाऱ्यांची जमीन मात्र परत केली नाही. पीडितांच्या औदार्याची गाथा गायची आणि त्यांच्या हक्काविषयी मौन पाळायचे, ही रीत आपल्या परिचयाची आहे. 1927 साली महाडला आपल्या पूर्वजांनी चवदार तळ्याचे पाणी प्याले ते कोणाची दया म्हणून नव्हे, तर माणूस म्हणून असलेल्या हक्काने.

बाबासाहेबांनी बुद्धाच्या शिकवणीतून प्रज्ञा, करुणा आणि समता ही तत्त्वे एकत्र मांडली. त्यांतील समता वगळली, तर करुणा हे केवळ दुर्बलांकडून अपेक्षिलेले सौजन्य उरते. हेनीने शत्रूला पाणी दिले, पण आपली बाजू सोडली नाही. पुकेहिनाहिनाचे स्मरण करताना तिची ओंजळ आठवावी आणि ज्या भूमीसाठी ती लढली, त्या भूमीचा प्रश्नही विसरू नये.