घरावरची वीज : लेखांक ४ – तीन खड्डे आणि एक पट्टी

गच्चीवर सोलर बसवलेल्या बंगल्याच्या कुंपणालगत बहुधा चेंबरची तीन झाकणं दिसतात. एक खड्डा पॅनेलच्या सांगाड्याचा, दुसरा इन्व्हर्टरच्या एसी बाजूचा आणि तिसरा 'एलए'चा, म्हणजे गच्चीवरच्या काटेरी तोंडाच्या वीजरोधक दांडीचा. बसवणारा जाताना सांगतो, 'एलएचं अर्थिंग अगदी वेगळं ठेवलंय, घराशी काही संबंध नाही.' घरमालक निर्धास्त होतो. माझ्या मते काळजी करायची ती इथेच. दांडीची उंची आणि जागा आपण गेल्या आठवड्यात पाहिली. पण तिचा खड्डा घराच्या बाकीच्या अर्थिंगपासून तुटलेला असेल, तर तीच दांडी घरातल्या वस्तूंच्या मुळावर उठते.

हिशेब साधा आहे. जमिनीवर कोसळणाऱ्या विजेचा प्रवाह मध्यम म्हटला तरी ३० हजार अँपिअरच्या आसपास असतो. एलएच्या खड्ड्याचा रोध १० ओहम धरू, म्हणजे खड्डा चांगलाच म्हणायचा. गुणाकार ३ लाख व्होल्ट. त्या क्षणापुरती दांडी, तिची खाली उतरणारी पट्टी आणि तो खड्डा लाखांवर चढतो. शेजारचे दोन खड्डे मात्र कितीतरी खाली राहतात. पॅनेलचा सांगाडा पट्टीपासून वीतभर अंतरावर असला, तर मधली हवा एवढा फरक पेलत नाही. ठिणगी उडी घेते आणि प्रवाह डीसी वायरींतून इन्व्हर्टरमध्ये शिरतो. घरगुती उपकरणं साधारण अडीच हजार व्होल्टचा क्षणिक धक्का सोसतील अशा बेतानं बनवलेली असतात. लाखांपुढे त्यांचा काय पाड!

यावर काहीजण म्हणतील, रोधच कमी करा, मीठ-कोळसा घाला. जरूर करा, पण रोध १ ओहमवर आणला तरी ३० हजार व्होल्ट उरतातच. शिवाय १ ओहम आणायचा कुठून? मराठवाडा-विदर्भात काळ्या मातीखाली बेसॉल्टचा कातळ; मे महिन्यात माती भेगाळते, अर्थिंगच्या पाइपपासून सुटते, घातलेलं मीठ आधीच्या पावसाळ्यांत विरघळून गेलेलं असतं. आणि वळिवाच्या विजा येतात त्या नेमक्या याच कोरड्या जमिनीवर. म्हणजे ज्या आकड्यामागे आपण धावतो, तो गरजेच्या वेळी सर्वांत वाईट असतो.

उपाय दुसरा आहे. खड्डे तीन असोत की पाच, ते जमिनीखालून पट्टीनं एकमेकांना जोडायचे आणि घरातली मुख्य अर्थिंगची पट्टी, धातूचे पाइप, पॅनेलचा सांगाडा हे सगळं त्यालाच जोडायचं. वीजसंरक्षणाचं आपलं मानक, आयएस/आयईसी ६२३०५, हेच सांगतं. इलेक्ट्रिशियनचा आक्षेप ठरलेला : 'जोडलं तर वीज घरात घ्यायची का?' शंका रास्त वाटते, पण नुकसान व्होल्टेजच्या उंचीनं होत नाही, दोन ठिकाणांमधल्या फरकानं होतं. पाणी चढलं की होडीही त्याच्याबरोबर वर येते. काठाला आखूड दोरानं करकचून बांधलेली होडी तेवढी बुडते. खड्डे जोडले की घराचं सगळं अर्थिंग जवळपास एकत्र वर जातं आणि ठिणगीला उडी मारायला जागा उरत नाही.

आक्षेपाचा खरा भाग वेगळाच आहे. घर वर चढलं तरी बाहेरून आलेल्या वायरी चढत नाहीत. खांबावरून येणाऱ्या लाइनचा न्यूट्रल दूर ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीत गेलेला असतो. केबल टीव्हीची तारही परक्या जमिनीचा शून्य घेऊन येते. अशा प्रत्येक तारेवर, ती घरात शिरते तिथेच, सर्ज प्रोटेक्टर हवा, म्हणजे तीही क्षणभर घराबरोबर वर येईल. फायबर इंटरनेटची तार काचेची, तिची चिंता नाही. आत धातूची आधारतार असेल तर तेवढी अर्थिंगला जोडावी. एमसीबी इथे कामाची नाही. ती मिलिसेकंदांत उघडते, वीज मायक्रोसेकंदांत काम उरकते.

प्रोटेक्टर बसवतानाची हमखास खोड म्हणजे लांब, सुबक वळणं दिलेल्या वायरी. मीटरभर वायरीतून प्रवाह दर मायक्रोसेकंदाला फक्त हजार अँपिअरनं वाढला, तरी तिच्यावर हजारभर व्होल्ट पडतात आणि ते प्रोटेक्टरच्या स्वतःच्या व्होल्टेजमध्ये मिळवले जातात. म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवायच्या. डीबीत, म्हणजे एमसीबींच्या पेटीत, दिसायला वाकडं वाटलं तरी चालेल. प्रोटेक्टरच्या तोंडावर हिरवी खिडकी असते. ती लाल झाली की आतला भाग निकामी झाला, तो बदलावा लागतो. डीबीचं झाकण उघडून वळिवाआधी ती एकदा पाहावी. आणि विजा दूर असतानाच टीव्ही, राऊटरचे प्लग काढावेत. डोक्यावर कडकडाट सुरू झाल्यावर प्लगला हात लावायला जाऊ नये.