कामगिरीतील तफावतीचे विश्लेषण

कामगिरीतील तफावतीचे विश्लेषण म्हणजे एखाद्या संस्थेतील अपेक्षित आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील अंतर मोजून त्याची कारणे शोधण्याची पद्धत होय. मनुष्यबळ व्यवस्थापन व प्रशिक्षण या क्षेत्रांत तिचा वापर होतो. काम कमी पडले म्हणजे दोष कर्मचाऱ्याचाच, असे गृहीत न धरणे हे या पद्धतीचे मुख्य सूत्र आहे.

इतिहास

रॉबर्ट मेगर व पीटर पाइप यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ॲनलायझिंग परफॉर्मन्स प्रॉब्लेम्स’ या पुस्तकात कौशल्याचा अभाव आणि इतर कारणे यांत भेद केला. काम येत असूनही ते होत नसेल, तर प्रशिक्षण निरुपयोगी ठरते. अशा वेळी कामात अडथळे आहेत का, किंवा चांगले काम करणाऱ्यावरच जादा भार पडतो का, हे पाहावे लागते. अमेरिकी अभ्यासक थॉमस गिल्बर्ट यांनी १९७८ मधील ‘ह्यूमन कॉम्पिटन्स’ या ग्रंथात कारणांचे सहा गट मांडले.

मापन

गिल्बर्ट यांनी सर्वोत्तम आणि सर्वसाधारण कामगिरीचे गुणोत्तर हे सुधारणेस असलेल्या वावाचे माप मानले. उदाहरणार्थ, एखाद्या कार्यालयात सर्वोत्तम लिपिक दिवसाला ६० अर्ज निकाली काढतो आणि सरासरी ४० असेल, तर गुणोत्तर १.५ येते. गुणोत्तर जितके मोठे, तितका सुधारणेस वाव अधिक.

कारणांचे वर्गीकरण

परिस्थितीशी निगडित कारणे:
• माहिती – स्पष्ट अपेक्षा व कामाविषयी वेळेवर अभिप्राय
• साधने – उपकरणे, साहित्य, पुरेसा वेळ
• प्रोत्साहन – वेतन, बढती, कामाची दखल

व्यक्तीशी निगडित कारणे:
• ज्ञान व कौशल्य
• शारीरिक व बौद्धिक क्षमता
• कामामागील प्रेरणा

परिस्थितीतील उणिवा प्रथम तपासण्यावर गिल्बर्ट यांचा भर होता. त्या दूर करणे बहुधा सोपे व कमी खर्चाचे असते. वरील उदाहरणात अर्जाचा नमुनाच संदिग्ध असल्याने अपुरे अर्ज येत असतील, तर लिपिकांना प्रशिक्षण देऊन अंतर भरून निघणार नाही. नमुना सुधारावा लागेल.

मर्यादा

केवळ संख्येवर आधारलेले मापन कामाच्या गुणवत्तेकडे दुर्लक्ष करू शकते. तसेच तुलना केलेल्या कर्मचाऱ्यांची साधने किंवा कामाची काठिण्यपातळी भिन्न असल्यास निष्कर्ष दिशाभूल करणारा ठरतो. एकाच तफावतीमागे अनेक कारणे असू शकतात. त्यामुळे आकडेवारीबरोबरच प्रत्यक्ष निरीक्षण आणि कर्मचाऱ्यांशी संवाद आवश्यक असतो.