ख्रिस्ती मुलांची 'व्हीबीएस' म्हणजे काय? उन्हाळी शिबिरात दिवसभर नेमकं काय चालतं?

एप्रिलमधल्या परीक्षा उरकल्या की बुलढाण्याच्या आसपासच्या गावांमध्ये शिबिरांचे फलक लागायला सुरुवात होते. विजेच्या खांबावर वारकरी बालसंस्कार शिबिर, किराणा दुकानाच्या भिंतीवर कराटे आणि अबॅकस, मशिदीच्या बाजूला दीनियातचे उन्हाळी वर्ग. देऊळघाट हे बुलढाणा शहराजवळचं, पैनगंगेच्या काठचं गाव. अशा गावांत "पोरांना सुट्टीत गुंतवायचं कुठं?" या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांना यातल्याच एखाद्या फलकावर सापडतं. शिवाय विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे हा प्रश्न इथे जरा जास्तच दिवस टिकतो.

या सगळ्यात एक शिबिर असं आहे, ज्याचा फलक सहसा चौकात दिसत नाही. रविवारी चर्चमध्ये उपासना संपताना पाळक घोषणा करतात, व्हॉट्सॲपवर एक रंगीत पोस्टर फिरतं आणि सोमवारी सकाळी मुलं डबा-बाटली घेऊन हजर होतात. ख्रिस्ती घरांमध्ये त्याला 'व्हीबीएस' म्हणतात. पूर्ण नाव व्हेकेशन बायबल स्कूल, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. बाहेरच्यांना याबद्दल फारसं माहीत नसतं, आणि जे कानावर येतं ते बहुतेक वेळा एक तर फार गोड किंवा फार संशयाचं असतं. म्हणून आज नीट समजून घेऊ.

सकाळी साडेसात ते अकरा

व्हीबीएस साधारण आठवडा ते दहा दिवस चालते. वेळ सकाळचीच, कारण विदर्भातल्या मे महिन्यात अकरानंतर लहान पोरांना बाहेर ठेवणं कुणाच्याच हिताचं नसतं.

सुरुवात हजेरीने होते. प्रत्येक मुलाकडे एक कार्ड असतं, त्यावर रोज एक तारा किंवा स्टिकर. मग गाणी. ही गाणी बसून म्हणायची नसतात, हात-पाय हलवून, उड्या मारून म्हणायची असतात. पूर्वी ढोलकी आणि टाळांवर भागायचं, आता बऱ्याच ठिकाणी कीबोर्ड किंवा प्रोजेक्टरवरचा व्हिडिओ असतो. मुलांना सगळ्यात जास्त आवडतो तो हाच भाग. घरी गेल्यावर आईला जे ऐकून घ्यावं लागतं तेही हेच.

त्यानंतर वयाप्रमाणे गट पडतात आणि गोष्ट सुरू होते. दावीद आणि गल्याथ, सिंहांच्या गुहेतला दानीएल, माशाच्या पोटातला योना, भावांनी विकलेला योसेफ. गोष्ट सांगण्याची साधनं पाहण्यासारखी असतात. एका फळीवर लोकरी कापड ताणलेलं असतं आणि कागदी चित्रांच्या पाठीला तसंच कापड चिकटवलेलं. गोष्ट पुढे सरकते तशी चित्रं फळीवर चिकटत जातात. मोबाइलच्या जमान्यातही सहा वर्षांचं पोर या फळीकडे डोळे लावून बसतं.

गोष्टीला जोडून एक वचन पाठ करायचं असतं, त्याला अनेक ठिकाणी 'सुवर्णवचन' म्हणतात. रोज एक, शेवटच्या दिवशी सगळी एकदम. मोठ्या मुलांसाठी आणखी एक खेळ असतो. सगळ्यांनी बायबल बंद करून हातात धरायचं. ताई पुस्तकाचं नाव, अध्याय आणि वचनाचा क्रमांक सांगते आणि "शोधा!" म्हणते. ज्याला आधी सापडेल त्याने उभं राहून वाचायचं. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तकं आहेत, जुन्या करारात ३९ आणि नव्यात २७. ती क्रमाने तोंडपाठ असल्याशिवाय हा खेळ जिंकता येत नाही. म्हणून मुलं पुस्तकांची नावंही चालीवर घोकतात. हरिपाठ पाठ असलेल्या पोरांना ही पद्धत अजिबात परकी वाटणार नाही.

मग हस्तकला, मग खाऊ. खाऊ म्हणजे पोहे, बिस्किटं, केळी, सरबत. हा खर्च मंडळीतली कुटुंबं वाटून घेतात. एका दिवसाचे पोहे एका घराचे.

शिकवतात कोण? बहुतेक ठिकाणी कॉलेजातली मुलं-मुली. त्यातले बरेच जण याच व्हीबीएसमध्ये वाढलेले असतात. दहावीपर्यंत समोर बसायचं आणि अकरावीत गेलं की शिकवायला उभं राहायचं, हा अलिखित नियम आहे. चार लोकांसमोर बोलायची सवय अनेकांना पहिल्यांदा इथेच लागते. शेवटच्या दिवशी समारोप असतो. आईवडील येतात, मुलं नाटुकली करतात, बक्षिसं वाटली जातात आणि सगळ्यात लहान मूल स्टेजवर रडतं.

आणि निवासी शिबिर?

ते वेगळं. तीन ते पाच दिवस घराबाहेर राहायचं असतं, आणि बहुधा दहा-बारा वर्षांच्या पुढच्याच मुलांना घेतात. मुलं-मुलींची राहण्याची सोय स्वतंत्र. गटांना बायबलमधली नावं दिलेली: यहुदा, बन्यामीन, एफ्राइम. खोली झाडण्यापासून कबड्डीपर्यंत प्रत्येक गोष्टीला गुण. सकाळी उठल्यावर 'शांतवेळ', म्हणजे प्रत्येकाने एकट्याने झाडाखाली बसून वाचायचं आणि प्रार्थना करायची. (बरीच मुलं तिथे पुन्हा झोपतात, हेही सांगायला हवं.) शेवटच्या रात्री शेकोटी. काही ठिकाणी प्रत्येक जण एक काटकी आगीत टाकतो आणि या दिवसांत काय मिळालं ते एका वाक्यात सांगतो. याला 'साक्ष देणं' म्हणतात.

महाराष्ट्रात मुलांच्या शिबिरांची एक जुनी परंपरा वायएमसीएची. ही संस्था १८४४ मध्ये लंडनला सुरू झाली, मुंबईत आली १८७५ मध्ये. मावळात कामशेतजवळ निळशी इथे मुंबई वायएमसीएचं शिबिरस्थळ आहे. तिथली शिबिरं सर्व धर्मांच्या मुलांसाठी असतात आणि भर साहस, पोहणं, भटकंतीवर असतो. चर्चच्या निवासी शिबिरात मात्र धर्मशिक्षण हाच गाभा असतो. दोन्हींना लोक 'ख्रिश्चन कॅम्प' म्हणतात, म्हणून हा फरक लक्षात ठेवलेला बरा.

हे आलं कुठून?

गोष्ट अमेरिकेतली आहे. १८९४ मध्ये इलिनॉय राज्यातल्या होपडेल या छोट्या गावात डी. टी. माइल्स या बाईंनी सुट्टीत चार आठवडे बायबलची शाळा भरवली. रविवारचा एक तास पुरत नाही, ही त्यांची तक्रार. १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या पूर्व भागात एलायझा हॉज यांनी गरीब वस्तीतल्या, दिवसभर रस्त्यावर हिंडणाऱ्या मुलांसाठी असाच वर्ग काढला. जागा मिळेना, तेव्हा त्यांनी चक्क बिअर विकली जायची तो हॉल भाड्याने घेतला. पुढे १९०१ पासून रॉबर्ट बोव्हिल यांनी ही कल्पना शहरभर आणि मग देशभर नेली.

म्हणजे मूळ अडचण 'मुलं सुट्टीत करणार काय?' हीच होती. देऊळघाटच्या आईला पडतो तोच प्रश्न.

आपल्याकडे जमीन आधीपासून तयार होती. अमेरिकन मराठी मिशनचं काम अहमदनगरला १८३१ मध्ये सुरू झालं. त्याच मिशनने १८७२ मध्ये 'बालबोधमेवा' हे मुलांचं मासिक काढलं. शाळेच्या पुस्तकात आपण ज्यांना 'फुलामुलांचे कवी' म्हणून वाचलं, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी मराठीत रचलेली भजनं आजही मराठी चर्चमध्ये गायली जातात.

वऱ्हाडातली कथा जास्त खडतर आहे. इथे ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या मिशनचं काम अकोला, खामगाव, बुलढाणा या भागात होतं. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी वऱ्हाड होरपळला, तेव्हा मिशनने अनाथ मुलांना सांभाळलं. मुलांसाठी अकोल्याला आणि मुलींसाठी खामगावला सोय होती. घंटा झाली की उठायचं, एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, रात्री गाणी. मला वाटतं, इथल्या ख्रिस्ती समाजाला मुलांनी एकत्र राहून वाढण्याची सवय या बोर्डिंगांमधून लागली असावी. बोर्डिंगचे दिवस मागे पडले, त्यातली घंटा आणि गाणी शिबिरात उरली.

वर्गातलं एकटं मूल

आता मुद्द्याचं. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १० लाख ८० हजारांच्या आसपास, म्हणजे शंभरात एकापेक्षाही कमी. त्यातले बरेच मुंबई, वसई, पुणे, अहमदनगर या पट्ट्यात. बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात ख्रिस्ती मूल वर्गात अनेकदा एकटंच असतं. "तुम्ही मराठी कसे?", "तुम्ही इंग्रज का?", "तुमच्यात दिवाळी नसते?" ही प्रश्नावली त्याला दरवर्षी नव्याने सोडवावी लागते. प्रश्न विचारणारी पोरं वाईट नसतात, पण उत्तर देणारं नेहमी एकच असतं.

शिबिरातले ते आठ दिवस असे असतात, जेव्हा हे काही समजावून सांगावं लागत नाही. माझ्या मते बायबलच्या गोष्टींपेक्षाही मुलं हेच जास्त घरी घेऊन जातात. पुढची मैत्री, व्हॉट्सॲप ग्रुप, आणि खरं सांगायचं तर कित्येक लग्नंसुद्धा इथूनच जुळतात.

पण इथे एक गंमत आहे, आणि थोडी काळजीही. अभ्याससाहित्य बरेचदा मूळ इंग्रजीतून भाषांतर होऊन येतं, आणि उड्या मारायची गाणी हिंदी किंवा इंग्रजी. आजीला तोंडपाठ असलेली टिळकांची भजनं नातवाला माहीतच नसतात, कारण ती रविवारी मोठ्यांच्या उपासनेत गातात आणि तेव्हा मुलं संडे स्कूलमध्ये असतात. काही जुनी कुटुंबं आजही चर्चला 'देऊळ' म्हणतात. शिबिरातून आलेली पोरं 'चर्च'च म्हणतात. शिबिर मुलाला "तू एकटा नाहीस" हे सांगतं, पण "तू मराठी कसा?" या प्रश्नाचं उत्तर देताना त्याच्या हातात मराठीतलं काही राहत नाही. रोज एक जुनं भजन शिकवायला पाच मिनिटं लागतात. तेवढा वेळ वेळापत्रकात नक्कीच काढता येईल.

वाद कशावरून होतो?

शेजारपाजारची इतर धर्मांची मुलंही व्हीबीएसला येतात. मित्र जातोय म्हणून, खाऊसाठी, किंवा सकाळी घरात कुणी नसतं म्हणून. इथून प्रश्न सुरू होतो.

घटनेचं कलम २५ धर्म पाळण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं. मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केलं की प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. शाळांबद्दल कलम २८(३) सांगतं की मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत धार्मिक शिक्षणात भाग घ्यायला संमती लागते, आणि विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची. चर्चमधलं शिबिर म्हणजे शाळा नव्हे. तरीही मूल ज्या घरातलं आहे त्या घराला नीट माहिती असावी, हे तत्त्व इथेही लागू व्हायला हरकत नसावी. वारकरी शिबिर असो की दीनियात, तिथेही.

दुसरा मुद्दा शिबिरांच्या आतला. काही ठिकाणी शेवटच्या दिवशी "येशूला जीवन कोण देणार?" असं विचारून हात वर करायला सांगतात. दिवसभर खेळून दमलेलं, मित्रांच्या घोळक्यातलं नऊ वर्षांचं पोर हात वर करणारच. त्याला 'निर्णय' म्हणून वहीत नोंदवणं मला पटत नाही, मग ते मूल ख्रिस्ती घरातलं का असेना.

तिसरा मुद्दा रंगांचा. शिबिरात मुलं मण्यांचं ब्रेसलेट करतात. त्यामागे 'शब्द नसलेलं पुस्तक' आहे. १८६६ मध्ये लंडनचे धर्मोपदेशक स्पर्जन यांनी काळा, लाल आणि पांढरा या तीन रंगांवर प्रवचन केलं. १८७५ मध्ये मूडी यांनी सोनेरी जोडला. हिरवा नंतर आला. लाल म्हणजे ख्रिस्ताचं रक्त, पांढरा म्हणजे शुद्धता, सोनेरी म्हणजे स्वर्ग. आणि काळा म्हणजे पाप. ज्या देशात सावळ्या मुलीला लहानपणापासून टोमणे ऐकावे लागतात, तिथे हा मणी तिच्या हातात देताना शिकवणाऱ्या ताईने दोनदा विचार करावा. त्याऐवजी 'अंधार' असं म्हटलं तरी गोष्ट अडत नाही.

मुलाला पाठवायचं असेल तर

आधी जाऊन आयोजकांना भेटा. कार्यक्रम धार्मिक आहे हे ते सरळ सांगतात का, ते पाहा. संमतीपत्र लेखी घेतात का? निवासी शिबिर असेल तर रात्री मुलांच्या आणि मुलींच्या खोल्यांवर कोण असतं, मोठ्यांपैकी कुणी मुलासोबत एकटं राहणार नाही असा नियम आहे का, डॉक्टर किती लांब आहे, मुलाला हवं तेव्हा घरी फोन करता येईल का, हे विचारा. विचारल्याचा राग आला तर पाठवू नका. चांगल्या ठिकाणी या प्रश्नांची उत्तरं छापील कागदावरच मिळतात, आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं: टोपी, पाण्याची बाटली, एक वही, आणि घरी असेल तर बायबल.