आमचा झटका मशीनचा स्टॉल

टेक-फेस्टमध्ये प्रोजेक्ट मांडणं वेगळं आणि शेतकऱ्यांपुढे मांडणं वेगळं. फेस्टला परीक्षक विचारतात, "एफिशियन्सी किती?" नागपूरला 2009 साली सुरू झालेल्या ॲग्रोव्हिजन प्रदर्शनात आम्ही चौघं सोलर झटका मशीन घेऊन उभे राहिलो, तर पहिलाच प्रश्न आला, "डुक्कर मरते का हो यानं?" आम्ही मोठ्या अभिमानाने "नाही" म्हणालो. काका म्हणाले, "मंग काय कामाचं?" आणि पुढच्या स्टॉलवर गेले!

याचं उत्तर साध्या मराठीत देता आलं पाहिजे, म्हणून आधी तेच.

घरच्या लाइनला 230 व्होल्ट असतात. झटका मशीन तारेत सात-आठ हजार व्होल्ट सोडतं. आकडा ऐकून लोक दोन पावलं मागे सरकतात. पण नुसत्या व्होल्टने जीव जात नाही. अंगातून करंट किती आणि किती वेळ वाहतो, यावर सगळं आहे. लाइनचा करंट अखंड वाहतो, स्नायू आखडतात आणि तार हातातून सुटत नाही. आपलं मशीन कपॅसिटरमध्ये थोडी ऊर्जा साठवून साधारण सेकंदाला एक ठोका देतं. ठोका डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतो आणि मधल्या वेळात जनावर मागे पळतं. आंतरराष्ट्रीय मानकात एका ठोक्याची मर्यादा 500 ओहमच्या लोडवर 5 जूल आहे. डुक्कर नाक खाली घालून येतं, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीत-दीड वीत उंच ठेवायची. ओल्या नाकाला झटका बसला की ते कुंपण त्याच्या लक्षात राहतं. मेलेलं डुक्कर काही शिकत नाही हो, उद्या दुसरा कळप येतो! हे सांगितलं की काका लोक थांबायचे.

आता डेमो. करंट तारेतून जनावरात, तिथून जमिनीत आणि अर्थिंगच्या सळईतून परत मशीनमध्ये, असं सर्किट पूर्ण होतं. स्टॉलवर मात्र खाली प्लायवूड, वर कार्पेट! म्हणून आम्ही घमेल्यात शेतातली काळी माती भरली, सळई रोवली, रोज सकाळी पाणी घातलं आणि तार ते माती असा टेस्टर लावला. "हात लावून पाहू का?" असं पोरं विचारणारच. हार्टचा पेशंट कोण ते आपल्याला माहीत नसतं, तेव्हा नाहीच म्हणायचं. मंडपात ऊन नसतं, त्यामुळे बॅटरी घरूनच फुल चार्ज करून न्यावी. गोंगाटात मशीनची टिकटिक ऐकू येत नाही, टेस्टरचा दिवाच कामी येतो.

दुपारी माती सुकली की दिवा मंद व्हायचा. आमचा तर हाच सगळ्यात हिट डेमो ठरला, कारण लगेच प्रश्न यायचा, "उन्हाळ्यात भेगा पडल्यावर?" अगदी बरोबर! तेव्हा ओलाव्याच्या जागी खोल, एकाऐवजी तीन-चार सळया रोवायच्या आणि कुंपणात एक तार करंटची, एक अर्थिंगची अशा आलटून-पालटून ओढायच्या. धुऱ्यावरचं गवत तारेला टेकलं तरी करंट गळतो, तेही कापत राहायचं. (मी कॉन्व्हेंटची, 'धुरा' हा शब्द मला स्टॉलवरच कळला.)

पण आमची खरी स्पर्धा शेजारच्या कंपनीच्या स्टॉलशी नव्हतीच. एक दादा हळूच म्हणाले, "आमच्याकडे रात्री खांबावरून आकडा टाकतात, एक रुपया लागत नाही." तो थेट लाइनचा करंट. 2017 साली नागभीड भागात श्रीनिवास हा रेडिओ कॉलर लावलेला वाघ अशाच तारेने मेला. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध 'जय'चा तो बछडा. रात्री पाणी द्यायला निघालेली माणसंही या तारांवर गेली आहेत, कधी स्वतःच्याच शेतात. शिवाय वीजचोरीचा गुन्हा, वाघ मेला तर वन्यजीव कायदा, माणूस गेला तर तुरुंग.

दादा सगळं ऐकून म्हणाले, "ते खरं आहे ताई, पण पैसे?" मशीन, बॅटरी, पॅनल, तार, खांब यांचा एकरी हिशोब आम्ही कागदावर मांडून दिला. जंगलालगतच्या गावांत सौर कुंपणाला वन विभागाकडून अनुदान मिळू शकतं. त्यासाठी आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा, हेही त्याच कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. पुढच्या तीन दिवसांत मशीनच्या माहितीपत्रकापेक्षा त्या कागदाच्या झेरॉक्सच जास्त गेल्या.