न बांधावयाच्या घरांची तालीम

‘तीनशे चौरस मीटरांचा भूखंड, उत्तरेस नऊ मीटर रुंदीचा रस्ता, आग्नेय कोपऱ्यात जुने आंब्याचे झाड, ते तोडावयाचे नाही, कुटुंबात डॉक्टर पतिपत्नी, दोन मुले आणि पतीची वृद्ध आई, तळमजल्यावर लहानसा दवाखाना असावा’ – अशा मजकुराचा एक कागद वास्तुविद्येच्या महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या हाती पडतो, आणि पुढील कित्येक आठवडे या पाच माणसांवाचून, जी मुळात जन्मासच आलेली नाहीत, त्याला दुसरे काही सुचत नाही. गंमत अशी, की या कागदातील मालक काल्पनिक, त्याची मिळकत काल्पनिक, त्याच्या आवडीनिवडीही शिक्षकाने चहा पिता पिता ठरविलेल्या. पण झाड मात्र बहुधा खरे असते, कारण शहराच्या एखाद्या उपनगरातील प्रत्यक्ष मोकळी जागा हेरून तिचीच चतुःसीमा या कागदावर उतरविलेली असते, आणि तेथे जाऊन ऊन कोणत्या प्रहरी कोठे पडते, पावसाचे पाणी कोणीकडे वाहते, शेजाऱ्याची खिडकी नेमकी कोठे उघडते हे सर्व डोळ्यांनी पाहून यावे, अशी सक्त ताकीद विद्यार्थ्यांना दिलेली असते.

वास्तुविद्येचा पदवी अभ्यासक्रम आपल्याकडे पाच वर्षांचा आहे, आणि त्याच्या किमान अटी १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यान्वये स्थापन झालेली परिषद ठरविते. बांधकामाची साधने, संरचनाशास्त्र, इतिहास, जलनिःसारण, खर्चाची अंदाजपत्रके हे विषय त्यात आहेतच. परंतु विद्यार्थ्याच्या तोंडी ‘डिझाइन’ या एकाच नावाने वावरणारा जो विषय आहे, त्याच्यासाठी आठवड्यातील मोठा वेळ राखून ठेवलेला असतो, आणि तो व्याख्यानाच्या वर्गात न शिकविता ‘स्टुडिओ’त, म्हणजे ओळीने मांडलेल्या मोठ्या मेजांच्या दालनात शिकविला जातो. तेथे शिक्षक फळ्यापाशी उभा राहत नाही. तो एकेका मेजापाशी येऊन बसतो, विद्यार्थ्याच्या रेखाटनावर पातळ बटर पेपर अंथरतो, आणि पेन्सिलीने एखादी भिंत सरकवून दाखवितो. एकोणिसाव्या शतकातील पॅरिसच्या कलाविद्यालयांत गुरूच्या चित्रशाळेत कनिष्ठांनी वरिष्ठांच्या शेजारी बसून शिकावे, ठरावीक मुदतीत दिलेला प्रश्न सोडवावा आणि परीक्षकमंडळाने त्याचा निवाडा करावा, असा जो शिरस्ता रूढ होता, त्याचाच हा दूरचा वारसा. सकाळी विषय हाती पडावा आणि कोणाचेही साह्य न घेता संध्याकाळपर्यंत आराखडा पुरा करून द्यावा, ही ‘टाइम प्रॉब्लेम’ नावाची परीक्षा त्याच घराण्यातील. मुंबईत १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर जे. जे. कलाशाळेत विसाव्या शतकाच्या आरंभी वास्तुविद्येचा विभाग आकारास आला, आणि तेथून ही पद्धती आपल्याकडे सर्वत्र पसरली.

नवशिक्याचा पहिला पराभव जिन्यावर होतो. घराचा दर्शनी भाग कसा दिसेल याची मनोरम चित्रे त्याने वहीभर काढलेली असतात. दोन मजले जोडण्यासाठी कोपऱ्यात दीड मीटरांचा एक चौकोनही त्याने मोठ्या उदारपणे सोडलेला असतो. मग शिक्षक हिशेब मांडावयास लावतात. मजल्याची उंची तीन मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे घरातील पायरीची उंची १९० मिलिमीटरांहून अधिक असू नये आणि पाय ठेवण्याची रुंदी २५० मिलिमीटरांहून कमी असू नये. म्हणजे सोळा चढ हवेत, ते आठ-आठांच्या दोन टप्प्यांत विभागले तर प्रत्येक टप्प्यास पावणेदोन मीटर लांबी, शिवाय मधल्या वळणाचा चौथरा, आणि वर चढणाऱ्याचे डोके तुळईस लागू नये एवढी मोकळीक. दीड मीटरांच्या चौकोनात हे काहीच बसत नाही. जिना वाढला की दवाखाना आक्रसतो, दवाखाना आक्रसला की आजींची खोली मागे ढकलली जाते, आणि ती मागे गेली की आंब्याची मुळे आडवी येतात. घर ही एकमेकांशी बांधलेल्या गरजांची गुंतवळ आहे, हे व्याख्यानातून कधीच न पटणारे सत्य त्या एका जिन्याने तासाभरात पटते.

याहून सूक्ष्म चुका निराळ्याच असतात, आणि त्या मोजमापाच्या कोणत्याही कोष्टकात सापडत नाहीत. वीस वर्षांच्या मुलाने आखलेल्या घरात बैठकीच्या दालनास दुप्पट उंची असते, गच्चीवर बसावयास सुरेख बाक असतात. पण ओले कपडे वाळत घालावयाचे कोठे, पाहुण्यांच्या चपलांचा ढीग कोठे पडेल, भांडी घासणारी बाई कोणत्या दाराने येईल आणि पाठ न मोडता बसेल अशी मोरी कोणती, आषाढात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही तेव्हा पापडांचा डबा ठेवावयास कोरडे फडताळ कोठे, गणपती दहा दिवस कोठे बसेल, या प्रश्नांना त्या घरात उत्तर नसते. वृद्ध आईची खोली तो वरच्या मजल्यावर नेतो, कारण तेथून आंब्याचा मोहर छान दिसतो! खरे कारण असे, की आजवर तो ज्या घरात राहिला ते चालविण्याचे काम त्याच्या आईने केले, आणि चालविणाऱ्याच्या दृष्टीने ते घर त्याने कधी पाहिलेच नाही. मुलींच्या आराखड्यांत स्वयंपाकघर अधिक विचाराने केलेले आढळते असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वसतिगृहात वाढलेल्या या पिढीत हा भेदही आता फारसा उरलेला नाही.

यावर जे औषध आहे, ते जुनेच आहे आणि माझ्या मते स्टुडिओतील सर्वांत मोलाचे आहे: हाती टेप घेऊन दुसऱ्याचे घर मोजणे. विद्यार्थी याला ‘मेझर ड्रॉइंग’ म्हणतात. जे. जे.मध्ये १९२३ ते १९४३ या काळात वास्तुविभागाची धुरा सांभाळणारे क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ. पण विद्यार्थ्यांनी युरोपीय स्तंभांच्या नकला गिरवीत बसण्यापेक्षा या देशातील इमारती स्वतः मोजाव्यात, हा त्यांचा आग्रह, आणि त्या मोजमापांतूनच १९३४ साली भारतीय वास्तुरचनेवरील त्यांचा आरेखनसंग्रह सिद्ध झाला. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांत मालवणनजीकच्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे होते, जे पुढे हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियसपाशी शिकले आणि ज्यांनी कानपूरच्या आय. आय. टी.चे संकुल उभे केले. म्हणजे आधुनिकतेची दीक्षा घेतलेल्या माणसाच्या हातानेही आधी जुन्या भिंतींची रुजुवात केलेली होती.

आजही वाईचा, साताऱ्याचा किंवा पुण्याचा एखादा वाडा मोजावयास पाचसहा मुलांचा गट जातो तेव्हा पहिला दिवस बहुधा समजूत घालण्यातच जातो. नगरपालिकेचे लोक आले, आता वाडा पाडणार, अशी घरातल्या आजींना शंका येते. ती फिटली की मग ‘अरे, एवढ्या उन्हात बसलात, आधी पाणी तरी घ्या’ अशी सरबराई सुरू होते, आणि दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच टेपचे दुसरे टोक धरून उभ्या राहतात. ओसरीची उंची अंगणाहून नेमकी बसावयास सोयीची का, माजघर अंधारे ठेवण्यात उन्हाळ्याचा कोणता हिशेब आहे, चौकातील पाणी कोठून निघून जाते, हे मोजता मोजता कळते. मुंबईच्या मुलांना याच कामासाठी वरळी-नायगावच्या बी. डी. डी. चाळी होत्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या आणि आता पुनर्विकासात पाडल्या जात असलेल्या या चाळींतील खोली अवघी १६० चौरस फुटांची; परंतु तिचा एकच प्लॅन काढून भागत नाही. पहाटे पाण्याच्या वेळचा, दुपारी अंथरुणे गुंडाळलेली असतानाचा आणि रात्री सारे कुटुंब निजल्यानंतरचा असे तिचे निदान तीन प्लॅन काढावे लागतात, आणि तिसऱ्यात थोरल्या मुलाचे अंथरूण खोलीबाहेर, बोळात सापडते. असे तीन कागद ज्याने एकदा काढले, तो पुढे खोलीला ‘बेडरूम’ हे नाव लिहिताना क्षणभर थांबतो.

तिसऱ्या वर्षापासून घरांची हद्द संपते आणि एस. टी. स्थानक, ग्रंथालय, मंडई, दवाखाना असे सार्वजनिक विषय येतात. येथे मालक एक नसतो. शासन पैसे देते, वापरणारा निराळा असतो, आणि झाडलोट करणारा तिसराच. पायरी आता १५० मिलिमीटरांहून उंच चालत नाही. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा या प्रमाणात हवा, म्हणजे जमिनीपासून नव्वद सेंटिमीटर उंच जोत्यावर चढण्यास जवळजवळ अकरा मीटर लांबीची घसरण आणि शिवाय मधले विसावे. ही लांबी ऐकून विद्यार्थी हबकतात आणि दर्शनी बाजू बिघडेल म्हणून उतार मागे, कचऱ्याच्या डब्यांशेजारी टाकतात. जोते मुळातच कमी उंचीचे करावे हा सोपा मार्ग क्वचितच एखाद्यास सुचतो.

मंडईचा विषय असला म्हणजे पुण्यातील मुले आयतीच महात्मा फुले मंडईत पाठविली जातात. लॉर्ड रे या गव्हर्नराच्या नावाने १८८६ मध्ये उघडलेली ही अष्टकोनी इमारत दुरून तिच्या मनोऱ्यामुळे ओळखू येते; परंतु मोजावयास गेलेल्याला कळते ते असे, की खरे शहाणपण मधल्या उंच भागापासून फुटलेल्या पाकळ्यांत आहे: उष्ण हवा वर निघून जाते, उजेड वरून खाली झिरपतो, आणि कोणत्याही गाळ्यापासून वाटेवर येण्यास फार चालावे लागत नाही. मात्र तेथेही पाहण्यासारखा भाग इमारतीबाहेर आहे. भाजीवाल्या बायका पथाऱ्या टाकून ज्या कडेला बसतात, ती कडा कोणत्याही नकाशात नाही, आणि शहराला तिच्यावाचून चालतही नाही. गावच्या पाराचे तेच: एक वड, त्याभोवती दगडी कट्टा, आणि त्यावर पंचायतीपासून पोस्टाच्या पत्रवाचनापर्यंत सारे काही. विद्यार्थ्याला असा पार ‘डिझाइन’ करावयास सांगितले, की तो तेथे कारंजे घालतो.

संगणक आल्यापासून रेखाटनाचे श्रम कमी झाले, ते बरेच झाले. टी-स्क्वेअरवर वाकून शाईचा एक डाग पडला म्हणून अख्खे शीट पुन्हा काढणाऱ्या पिढीचे गोडवे मी गाणार नाही. तक्रार आहे ती एवढीच, की कागदावर एकास शंभर आणि एकास पन्नास ही प्रमाणे हाताला ठाऊक असत, पडद्यावर मात्र रेघ हवी तेवढी मोठी करून पाहता येते, आणि त्यामुळे आठ फुटांची खोली आणि ऐंशी फुटांचे सभागृह दोन्ही सारखीच ऐसपैस भासतात. शिवाय तयार चित्रांच्या भांडारातून उचललेली माणसे आराखड्यात येऊन बसतात: कोपरगावच्या ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर लांब कोट घातलेला, हाती कॉफीचा पेला घेतलेला एक गोरा गृहस्थ मी पाहिलेला आहे, आणि त्याच्या मागे शरदात लाल होणारे परदेशी झाड होते.

सत्राच्या शेवटी ज्युरी बसते. बाहेरून आलेले दोनतीन व्यवसायी वास्तुविशारद, भिंतीवर टाचलेली शीटे, सनबोर्डाचे अर्धवट वाळलेले मॉडेल, आणि त्यांच्यापुढे रात्रीच्या जागरणाने डोळे तांबारलेला विद्यार्थी, असा हा देखावा. यातून जे घडते ते नेहमी न्याय्य असतेच असे नाही. बोलण्यात चतुर विद्यार्थ्याचा सामान्य आराखडा निभावून जातो, अबोलाचा चांगला आराखडा पडतो. ‘तुझी कन्सेप्ट काय?’ या प्रश्नाला कमळ, शंख किंवा पंचमहाभूते असे काही उत्तर दिले की काही परीक्षकांचे समाधान होते. मला विचाराल तर ज्युरीने प्लॅन बाजूला सारून आधी सेक्शन मागावा. इमारत मधोमध कापून दाखविणाऱ्या या चित्रात उजेड, उंची, पावसाची झड, छताचा उतार आणि माणसाची मान या सर्वांची एकदमच तपासणी होते, आणि शब्दांना तेथे फारसा वाव उरत नाही.

केस स्टडीसाठी नवी मुंबईत बेलापूरचे ‘कलाग्राम’ पाहण्यास विद्यार्थ्यांच्या सहली वर्षानुवर्षे जात आहेत. चार्ल्स कोरिया यांनी १९८३ ते १९८६ या काळात सिडकोसाठी केलेल्या या वसाहतीत सात घरे आठ मीटर चौरस अंगणाभोवती बसविलेली आहेत, असे तीन गट मिळून एकवीस घरांचा बारा मीटर चौरस चौक होतो, आणि शेजाऱ्याची भिंत सामाईक नसल्यामुळे प्रत्येकास आपले घर पुढे वाढविण्याची मुभा राहते. पुण्यात जन्मलेल्या बाळकृष्ण दोशींनीही इंदूरच्या अरण्य वसाहतीत जोते, शौचालय आणि एखादी खोली एवढेच देऊन उरलेले घर रहिवाशावर सोपविले. पुस्तकातील कृष्णधवल छायाचित्रे पाहून बेलापुरास गेलेली मुले मात्र हिरमुसतात, कारण कित्येक मूळ घरे पाडून तेथे सज्जे, रंगीत फरश्या आणि लोखंडी जाळ्या असलेली नवी घरे उभी राहिली आहेत, आणि कौलारू छपरे शोधून काढावी लागतात. चांगला शिक्षक अशा वेळी मुलांना परत गाडीत बसवीत नाही. तो त्यांना बदललेली घरेच मोजावयास सांगतो, आणि परतल्यावर मूळ प्लॅन व आजचा प्लॅन शेजारी शेजारी टाचून विचारतो, की कोणती भिंत हलली, कोणती राहिली, अंगणात कोणी किती पाऊल टाकले. आणि मग, तेवढ्याच शांतपणे, त्या डॉक्टर दांपत्याच्या घराचे शीट काढावयास लावून आणखी एक प्रश्न विचारतो: मुले मोठी झाली, थोरलीने दवाखान्यावर स्वतःची खोली बांधावयाची ठरविली, तर तुझ्या या जिन्याचे काय होईल, ते याच शीटवर काढून दाखव.