दुसऱ्या तपासणीला वेळच नाही

९ मार्च २०२२ ची संध्याकाळ. पाकिस्तानच्या पंजाब प्रांतातल्या मियाँ चन्नू या गावाजवळ आकाशातून काहीतरी प्रचंड वेगाने येऊन आदळले. सुदैवाने कोणी दगावले नाही. दुसऱ्या दिवशी पाकिस्तानी लष्कराच्या प्रवक्त्याने जाहीर केले, की ते भारतातून, सिरसाजवळून उडालेले क्षेपणास्त्र होते. त्यात स्फोटके नव्हती, पण ते हद्दीच्या १२४ किलोमीटर आत आले होते. भारताचा खुलासा ११ मार्चला आला. नेहमीच्या देखभालीच्या वेळी तांत्रिक बिघाड होऊन क्षेपणास्त्र चुकून सुटले, असे त्यात म्हटले होते. चौकशी झाली आणि ऑगस्टमध्ये हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ करण्यात आले.

ते क्षेपणास्त्र ब्राह्मोस होते. सीमा ओलांडल्यापासून जमिनीवर आदळेपर्यंत त्याला चार मिनिटेही लागली नाहीत. रक्तदाब नीट मोजायचा तर रुग्णाला आधी पाच मिनिटे शांत बसवावे लागते. त्याहून कमी वेळात रडारसमोर बसलेल्या माणसांनी ठरवायचे होते, की हा हल्ला आहे की अपघात, आणि त्याला उत्तर द्यायचे की थांबायचे. ते थांबले.

आणि ब्राह्मोस हायपरसॉनिक नाही. त्याचा वेग ध्वनीच्या पावणेतीन-तीन पट, म्हणजे ते सुपरसॉनिक. ध्वनीच्या पाचपट, ताशी सुमारे सहा हजार किलोमीटर, हा वेग ओलांडला की हायपरसॉनिक म्हणतात. अमेरिका, रशिया आणि चीन यांच्यात सध्या या शस्त्रांची शर्यत लागली आहे. भारतही तिच्यात आहे.

या शस्त्रांच्या बातम्यांत वेगाचे आकडे ठळक अक्षरांत छापले जातात. खरे तर तेवढा वेग काही नवा नाही. खंडांतर पल्ल्याची जुनी क्षेपणास्त्रे वातावरणात परत शिरताना ध्वनीच्या वीसपट वेगाने येतात, आणि ती १९६० च्या आधीपासून आहेत. नवी गोष्ट आहे ती वाटेत वळण्याची. जुने बॅलिस्टिक क्षेपणास्त्र म्हणजे फलंदाजाने उंच टोलवलेला चेंडू. तो कितीही जोरात मारलेला असो, त्याची कमान पाहून सीमारेषेवरचा क्षेत्ररक्षक तो कुठे पडणार हे ओळखतो आणि आधीच तिथे जाऊन उभा राहतो. क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा हेच गणित करते. हायपरसॉनिक ‘ग्लाइडर’ रॉकेटच्या टोकावर बसून वर जातो, पण मग सुटा होऊन वातावरणाच्या वरच्या थरांतून घसरत, डावीउजवीकडे वळत लक्ष्याकडे येतो. दुसरा प्रकार हायपरसॉनिक क्रूझ क्षेपणास्त्राचा. त्यात स्क्रॅमजेट नावाचे इंजिन असते आणि ते वाटेतल्या हवेतलाच प्राणवायू वापरून सगळ्या प्रवासात चालू राहते.

दोन्ही प्रकार उडतात कमी उंचीवरून, आणि इथे पृथ्वीचा गोलाकार आडवा येतो. खंडांतर क्षेपणास्त्र हजार किलोमीटरहून उंच चढते, त्यामुळे जमिनीवरच्या रडारला ते तीन हजार किलोमीटरवरूनही क्षितिजाच्या वर दिसू शकते. पन्नास किलोमीटर उंचीवरून येणारा ग्लाइडर मात्र आठशे किलोमीटरवर येईपर्यंत क्षितिजाआडच राहतो. सेकंदाला अडीच किलोमीटर वेग धरला तर पुढे उरतात साधारण पाच मिनिटे. म्हणजे ही शस्त्रे ज्याच्यावर सोडली त्याचा वेळ खातात, आणि त्याचे मुख्य कारण वेग नसून त्यांचे उशिरा दिसणे हे आहे.

बनवणाऱ्यांनाही ती सहज जमलेली नाहीत. दाट हवेत या वेगाने जाणाऱ्या वस्तूपुढची हवा दाबली जाऊन इतकी तापते, की पृष्ठभागाचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्या घरात जाऊ शकते. तिथे पोलादही वितळते. अमेरिकेने २०१० आणि २०११ मध्ये ‘एचटीव्ही-२’ या ग्लाइडरच्या दोन चाचण्या घेतल्या. दोन्ही वेळा सुमारे नऊ मिनिटांत संपर्क तुटला. दुसऱ्या वेळी अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त बाह्यकवच सोलवटून निघाले होते. स्क्रॅमजेटची अडचण वेगळी. इंजिनात शिरलेली हवा काही सहस्रांश सेकंदांत बाहेर पडते, तेवढ्यात इंधन मिसळायचे, पेटायचे आणि जळून जोर द्यायचा. भारताच्या ‘डीआरडीओ’ने ७ सप्टेंबर २०२० रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून उडवलेल्या प्रायोगिक यानात हे इंजिन ध्वनीच्या सहापट वेगाने वीस सेकंदांहून थोडे अधिक चालले. ती मोठी कमाई मानली गेली, आणि ती होतीही. एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादच्या प्रयोगशाळेत, जमिनीवरच, लहान आकाराचे स्क्रॅमजेट हजार सेकंदांहून जास्त चालवून दाखवले गेले.

या विषयाच्या इतिहासात एक विलक्षण माणूस आहे. चियान श्युएसन १९३५ मध्ये चीनमधून अमेरिकेत शिकायला गेले, कॅलिफोर्नियात नामवंत झाले, आणि १९४६ मध्ये एका शोधनिबंधात त्यांनी ‘हायपरसॉनिक’ हा शब्द रूढ केला. रॉकेटने वर नेऊन पुढे घसरत जाणाऱ्या यानाची कल्पनाही त्यांनी मांडली. पुढे अमेरिकेत कम्युनिस्टांच्या संशयाचे वारे सुटले. १९५० मध्ये त्यांना गुप्त संशोधनातून काढले गेले, पाच वर्षे जवळपास नजरकैदेत ठेवले आणि १९५५ मध्ये चीनला पाठवून दिले. तिथे ते चिनी क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे जनक ठरले. १ ऑक्टोबर २०१९ रोजी बीजिंगच्या संचलनात चीनने ‘डीएफ-१७’ हे ग्लाइडर वाहणारे क्षेपणास्त्र मिरवले. स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्ध्याला एवढी मोठी देणगी क्वचितच कुणी दिली असेल.

शर्यत आत्ताच का पेटली, याचे उत्तर हल्ल्यापेक्षा बचावात शोधावे लागते. १९७२ मध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी करार करून क्षेपणास्त्ररोधक यंत्रणांवर कडक मर्यादा घातली. वरवर पाहता हे उलटेच वाटते, बचावाला कोण बंदी घालतो? पण एकाने ढाल उभारली की दुसरा जास्त भाले जमवतो, हे दोघांना कळले होते. २००२ मध्ये अमेरिका त्या करारातून बाहेर पडली आणि तिने अलास्का आणि कॅलिफोर्नियात रोधक क्षेपणास्त्रे बसवली. आज ती ४४ आहेत. १ मार्च २०१८ रोजी पुतिन यांनी ‘अव्हांगार्द’ ग्लाइडर आणि ‘किंझाल’ ही शस्त्रे जगाला दाखवली, तेव्हा अमेरिकेने तो करार सोडल्याचाच दाखला दिला. नवे प्रतिजैविक आले की काही वर्षांत त्याला न जुमानणारे जंतू दिसू लागतात. डॉक्टरांच्या ओळखीचीच ही साखळी आहे.

बचाव मग निरुपयोगी आहे का? तसेही म्हणता येत नाही. मे २०२३ मध्ये कीव्हवर आलेली किंझाल क्षेपणास्त्रे अमेरिकी पेट्रियट यंत्रणेने पाडल्याचे युक्रेनने जाहीर केले. किंझाल हे विमानातून सोडले जाणारे बॅलिस्टिक क्षेपणास्त्रच आहे असे अनेक तज्ज्ञ मानतात, आणि दाट हवेत शिरल्यावर अशा शस्त्रांचा वेग उतरतो. मात्र पेट्रियटसारखी यंत्रणा एखादे शहर किंवा तळ सांभाळते, सबंध देश नव्हे. देशभर छत्र धरण्याचा अमेरिकेचा ‘गोल्डन डोम’ हा बेत मे २०२५ मध्ये १७५ अब्ज डॉलर खर्चाचा म्हणून जाहीर झाला. त्यातल्या फक्त अंतराळातल्या रोधकांवरच वीस वर्षांत १६१ ते ५४२ अब्ज डॉलर लागतील, असा अमेरिकी काँग्रेसच्या अर्थसंकल्प कार्यालयाचा अंदाज होता. तोही उत्तर कोरियासारख्या देशाने सोडलेली एक-दोन क्षेपणास्त्रे अडवण्यापुरता.

इथे वेळेची चूक किती लहान असू शकते, याचे उदाहरण जुने आहे. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान इथे पेट्रियटची एक तुकडी शंभर तासांहून अधिक काळ सलग चालू होती. तिचा संगणक वेळ सेकंदाच्या दशांशांत मोजत असे, आणि द्विमान पद्धतीत एक दशांश ही संख्या पूर्ण लिहिताच येत नाही. दर वेळी सुटणारा बारीक तुकडा साचत साचत ०.३४ सेकंद झाला. तेवढ्यात इराकी स्कड क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे सरकते. यंत्रणेने भलत्याच ठिकाणी पाहिले, तिथे काही दिसले नाही, आणि स्कड अमेरिकी सैनिकांच्या बराकीवर पडले. २८ जण ठार झाले. दुरुस्त केलेली संगणक प्रणाली धाहरानला दुसऱ्या दिवशी पोहोचली.

धाहरानला यंत्राने खरा धोका पाहिला नाही. नसलेला धोका पाहण्याची चूक त्याहून भयंकर ठरू शकते. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव्ह कामावर होते. उपग्रहाने इशारा दिला, की अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडले आहे. मग दुसरे, असे करत पाच. काळ तणावाचा होता. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानांनी कोरियाचे प्रवासी विमान पाडून २६९ जणांचा जीव घेतला होता. पेत्रोव्ह यांनी विचार केला, की खरा हल्ला पाच क्षेपणास्त्रांनी कोण सुरू करील? शिवाय जमिनीवरच्या रडारवर काहीच दिसत नव्हते. त्यांनी वरिष्ठांना ‘खोटा इशारा’ असे कळवले. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता.

रोगनिदानात हा प्रसंग रोज घडतो. समजा, एखादा आजार लाखात एकालाच होतो आणि त्याची तपासणी ९९ टक्के अचूक आहे. लाख निरोगी-आजारी माणसांची सरसकट तपासणी केली तर खरा रुग्ण एक सापडेल, आणि सुमारे हजार धडधाकट माणसांचे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ येतील. आजार जितका दुर्मीळ, तितका एकट्या अहवालावरचा भरवसा कमी. म्हणून पहिल्या अहवालावर कोणी शस्त्रक्रिया करत नाही. वेगळ्या पद्धतीने दुसरी तपासणी करतात. अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांचा अचानक हल्ला हा तर आजवर एकदाही न झालेला आजार आहे. पेत्रोव्ह यांच्याकडे पहिला अहवाल उपग्रहाचा होता आणि दुसरा रडारचा. दोन्ही जुळले नाहीत, म्हणून जग वाचले.

हायपरसॉनिक शस्त्र घाव घालते ते नेमके या दुसऱ्या अहवालावर. तापलेला ग्लाइडर अवरक्त किरणांत उजळून दिसतो. उपग्रहांना तो टिपता येतो, हे डेव्हिड राइट आणि कॅमेरन ट्रेसी या अमेरिकी संशोधकांनी गणिताने दाखवले आहे. पण जमिनीवरच्या रडारची साक्ष मिळेपर्यंत शेवटची पाच मिनिटे उरलेली असतात. शिवाय तो वळत असल्याने त्याचे लक्ष्य राजधानी आहे की विमानतळ, हे अखेरपर्यंत उमगत नाही. आणि टोकावर साधी स्फोटके आहेत की अणुबॉम्ब, हे तर कोणत्याच रडारला दिसत नाही. अशा वेळी घाई करणारे यंत्र आणि थकलेला माणूस यांच्या हाती निर्णय जातो. रात्रपाळीच्या पहाटे माणसाचे डोके किती चालते, हे कुठल्याही अपघात विभागात पाहायला मिळते.

शीतयुद्धाच्या काळात बर्नार्ड लाउन आणि येवगेनी चाझोव्ह या अमेरिकी आणि सोव्हिएत हृदयरोगतज्ज्ञांनी अणुयुद्धविरोधी डॉक्टरांची संघटना उभी केली, तिला १९८५ चे शांततेचे नोबेल मिळाले. त्यांचे म्हणणे साधे होते: अणुस्फोटानंतर उपचार करायला ना रुग्णालये उरतील, ना डॉक्टर, तेव्हा प्रतिबंध हाच इलाज. प्रतिबंधाची साधने तशी कंटाळवाणी असतात. आधी कळवणे, नोंद ठेवणे, फोन उचलणे. तीही चुकतात. २५ जानेवारी १९९५ रोजी नॉर्वेतून ध्रुवीय प्रकाशाच्या अभ्यासासाठी एक रॉकेट उडाले. रशियाला आधी कळवलेले होते, पण तो निरोप रडारवरच्या माणसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. अध्यक्ष येल्त्सिन यांच्यापुढे अण्वस्त्रांची पेटी उघडली गेली. रॉकेट दुसरीकडे जाते आहे हे काही मिनिटांत दिसले आणि पेटी बंद झाली. त्या वेळी ती काही मिनिटे हाताशी होती.

१६ नोव्हेंबर २०२४ रोजी भारताने ओडिशाजवळच्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून दीड हजार किलोमीटरहून अधिक पल्ल्याच्या हायपरसॉनिक क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. दिल्ली ते इस्लामाबाद हे अंतर सातशे किलोमीटरही नाही. सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने ते सहा मिनिटांत कापले जाईल, इकडून तिकडे तसेच तिकडून इकडे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात ऑक्टोबर २००५ चा एक करार आहे. क्षेपणास्त्राची चाचणी घ्यायची तर किमान तीन दिवस आधी एकमेकांना कळवायचे. तो आजवर वाईट दिवसांतही पाळला गेला आहे. पण त्यात फक्त बॅलिस्टिक क्षेपणास्त्रे येतात. क्रूझ क्षेपणास्त्रे, म्हणजे मियाँ चन्नूला पडले त्या जातीची, त्यात नाहीत. हायपरसॉनिक हा शब्द २००५ च्या त्या कागदावर येण्याचे कारणच नव्हते.