रिद्धपूरच्या निमित्ताने काही प्रश्न

"तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता हो!" हे वाक्य एकदाही ऐकले नाही असा माणूस आपल्यात विरळाच. बोलणाऱ्याच्या मनात बहुधा वाईट काही नसते, तो कौतुकच करीत असतो. पण असे कौतुक पाहुण्याचे करतात, घरच्याचे नव्हे. मोठी माणसे हसून सोडून देतात. शाळेत जाणारी मुले मात्र घरी येऊन विचारतात, "अम्मी, मराठी आपली नाही का?"

या प्रश्नाचे उत्तर रागाने देता येत नाही, माहितीने देता येते. म्हणून या महिन्यात आम्ही आपल्या वऱ्हाडातले एक गाव निवडले आहे आणि त्याच्या आधाराने काही प्रश्न मांडले आहेत. जेवण झाल्यावर मुलांना जवळ बसवून हे प्रश्न विचारावेत, उत्तरे वाचून दाखवावीत. धर्म, भाषा, सरहद्दी, दूरदर्शन असे थोडेथोडे सगळेच त्यात आहे.

प्रश्न पहिला : रिद्धपूर कुठे आहे आणि तिथे काय घडले?

रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातले, संत्र्याच्या मुलखातले गाव. महानुभाव पंथाचे हे मोठे तीर्थस्थान. तेराव्या शतकात इथे गोविंदप्रभू राहत. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी त्यांना गुरू मानत. चक्रधर मूळचे गुजरातचे, भडोचचे, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्यांच्यामुळे मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ तयार झाला, ते स्वतः दुसऱ्या मुलखातून आलेले होते.

त्यांच्या मागे म्हाइंभट यांनी रिद्धपुरात राहून त्यांच्या आठवणी गोळा केल्या. तोच 'लीळाचरित्र' हा ग्रंथ. पुढे गोविंदप्रभूंच्याही आठवणी लिहिल्या गेल्या. ॲन फेल्डहाउस या अमेरिकन अभ्यासिकेने १९८४ साली त्यांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा रिद्धपूरच्या गल्ल्या आणि विहिरी जगभरच्या वाचकांपुढे गेल्या. गावकुसाबाहेरच्या, अस्पृश्य मानलेल्या लोकांना पाणी मिळत नव्हते, तेव्हा गोविंदप्रभूंनी त्यांच्यासाठी पाण्याची जागा दाखवली, अशी एक आठवण त्यात आहे. तहानलेल्याला पाणी पाजणे हा आपल्याकडेही मोठा सदका मानला जातो.

आपली अकीदा वेगळी, त्यांची श्रद्धा वेगळी. हा फरक पुसायचे कारण नाही. पण शेजाऱ्याच्या घरात काय आहे हे ठाऊक असावे. माणसांची कुळे आणि जमाती एकमेकांची ओळख पटावी म्हणून केल्या आहेत, असे सूरह हुजुरातमध्ये सांगितलेच आहे.

प्रश्न दुसरा : धर्माची गोष्ट लोकांच्या बोलीत का सांगायची?

त्या काळी विद्वानांची भाषा संस्कृत होती. चक्रधरांनी मात्र सगळा उपदेश मराठीत केला. त्यांच्यानंतर पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. शिष्यांमध्ये संस्कृत पंडित होतेच. त्यांनी संस्कृतात लिहायचे मनावर घेतले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण साधे होते. असे लिहिले तर पंथातल्या म्हाताऱ्या बायांना काहीच कळणार नाही, त्या उपाशी राहतील.

आपल्याला हा विचार परका वाटू नये. प्रत्येक पैगंबराला त्याच्या त्याच्या लोकांच्या भाषेतच पाठवले, म्हणजे त्याने उघड समजावून सांगावे, असे सूरह इब्राहीमच्या चौथ्या आयतीत आले आहे. माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी आहे, असे सूरह रूममध्ये म्हटले आहे. मग मराठीही त्या निशाण्यांतली एक झाली. तिच्याशी आपले नाते जोडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

प्रश्न तिसरा : पोथी हरवली तर ग्रंथ उरतो कुठे?

म्हाइंभटांची काम करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. ज्यांनी चक्रधरांना पाहिले, ऐकले, त्यांना गाठायचे आणि त्यांच्या तोंडून प्रसंग ऐकून घ्यायचा. एकच प्रसंग दोघांना वेगवेगळा आठवत असेल, तर कुणाच्या आठवणीत तो कसा आहे याचीही नोंद लीळाचरित्रात सापडते. हदीसच्या रावींची साखळी ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही काळजी लगेच ओळखू येईल. दोन्हींची बरोबरी करायची नाही. पण ऐकीव गोष्ट तपासून घ्यावी आणि सांगणाऱ्याचे नाव राखावे, ही सचोटी दोन्हीकडे आहे.

पुढे चौदाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीच्या सुलतानी फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. तोही इतिहासच आहे, तो मुलांपासून लपवायचे कारण नाही. मग शिष्यांनी आठवून आठवून ग्रंथ पुन्हा उभा केला. त्यात हिराइसा नावाच्या एका बाईच्या स्मरणाचा मोठा आधार झाला. तिच्या नावाचा पाठच प्रसिद्ध आहे. पाठांतराचे मोल आपल्या घरांना सांगायला नको, दर रमजानला तरावीहमध्ये हाफिजांच्या मागे उभे राहून आपण ते अनुभवतो. आणि कुराणाचा पहिला लिखित संग्रह पुढे कुणाच्या घरी जपला गेला? हजरत हफ्सा यांच्या. अशी अमानत सांभाळणाऱ्या बायांची नावे मुलींना मुद्दाम सांगावीत.

प्रश्न चौथा : मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री कोण?

उत्तर आहे महदाइसा, म्हणजे महदंबा. तिचे नावही रिद्धपूरशीच जोडलेले आहे. गोविंदप्रभूंनी विवाहाचा खेळ मांडला आणि तिला गाणी म्हणायला सांगितले, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' रचले, असे सांगतात. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. मराठी काव्यातला स्त्रीचा पहिला आवाज आपल्याला ऐकू येतो तो लग्नघरातून.

आता आपल्या घरांकडे वळू. दख्खनच्या सूफींच्या परंपरेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' असे गीतप्रकार आहेत. दळताना आणि सूत कातताना बायांनी म्हणावीत अशी ही दखनी गाणी. जात्याच्या फिरण्याबरोबर अल्लाहचे नाव घ्यायचे, अशी त्यांची घडण. शेजारच्या घरात जात्यावर ओवी चालायची, आपल्या घरात चक्कीनामा. दगड तोच, हात तसेच दुखायचे. हळदीच्या आणि मेहंदीच्या रात्री ढोलक घेऊन बसणाऱ्या आपल्या नानी-दादींच्या तोंडी जी गाणी होती, त्यांत अर्धे शब्द उर्दूचे, अर्धे वऱ्हाडीचे. त्यांपैकी किती कागदावर उतरली? आणि आता आपल्यापैकी कितीजणींना ती पुरी येतात?

प्रश्न पाचवा : कुलपात ठेवलेल्या ग्रंथांचे काय होते?

महानुभावांनी आपले ग्रंथ 'सकळ', 'सुंदरी' अशा सांकेतिक लिप्यांमध्ये लिहून ठेवले. अक्षरांच्या जागी दुसरी चिन्हे घालायची, म्हणजे बाहेरच्याला वाचता येऊ नये. ग्रंथ सुरक्षित राहिले, पण मराठी जगाला त्यांचा विसर पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे अशा संशोधकांच्या खटपटीने हे भांडार खुले झाले, तेव्हा कुठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासात रिद्धपूरला जागा मिळाली. जे पेटीत राहते ते इतिहासात धरले जात नाही.

सांकेतिक लिपी फोडण्याची विद्या मात्र फार जुनी. नवव्या शतकात बगदादला अल-किंदी नावाचा विद्वान होऊन गेला. भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. सांकेतिक मजकुरात कोणते चिन्ह किती वेळा आले ते मोजले की मूळ अक्षर पकडता येते, हे त्याने लिहून ठेवले. या युक्तीवरचे आज उपलब्ध असलेले हे सर्वांत जुने लेखन. गणित आवडणाऱ्या मुलांनी वर्तमानपत्राच्या एका परिच्छेदातली अक्षरे मोजून हा प्रयोग घरी करून पाहावा.

प्रश्न सहावा : मुसलमानांनी मराठीत लिहिले ते कधीपासून?

निदान चारशे वर्षांपासून. सतराव्या शतकात श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' लिहिला. त्याच शतकात हुसेन अंबरखान यांनी गीतेवर मराठी टीका लिहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस शहामुनी यांनी 'सिद्धांतबोध' हा ओवीबद्ध ग्रंथ रचला. त्यांची समाधी जालना जिल्ह्यातल्या शहागडला आहे. शहामुनींच्या ग्रंथात महानुभाव विचारांचा ठसा दिसतो, असे अभ्यासक सांगतात. या सर्वांची ओळख रा. चिं. ढेरे यांनी 'मुसलमान मराठी संतकवी' या पुस्तकात करून दिली आहे. त्यांची सगळीच मते आज आपल्याला पटतील असे नाही. पण त्यांची भाषा मराठी होती आणि ती त्यांनी कुणाकडून उसनी आणलेली नव्हती.

अलीकडचे पाहायचे तर १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. शेतमजूर, मोमीन, बागवान, तांबोळी अशा घरांतली लिहिणारी माणसे तेव्हापासून एकमेकांना शोधू लागली.

प्रश्न सातवा : वऱ्हाडची सरहद्द किती वेळा बदलली?

मोजायला बसलात तर बोटे पुरणार नाहीत. यादवांनंतर दिल्लीचे सुलतान, मग बहामनी. १४९० च्या सुमारास अचलपूरला इमादशाही आली. तिचा संस्थापक फतहुल्लाह हा जन्माने विजयनगरच्या कानडी ब्राह्मण घरातला, लहानपणी युद्धात पकडला गेलेला मुलगा. १५७४ मध्ये वऱ्हाड अहमदनगरच्या निजामशाहीत गेले, त्याच शतकाच्या शेवटी मोगलांकडे. १७२४ च्या साखरखेर्ड्याच्या लढाईनंतर हैदराबादच्या निजामाचा अंमल बसला. १८५३ मध्ये कारभार इंग्रजांकडे आला, १९०२ मध्ये त्यांनी निजामाकडून वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात.

राजे बदलले तरी पेरणी थांबली नाही, आणि पेरणाऱ्याच्या तोंडचे शब्द त्या सगळ्यांचे मिळून झाले. 'खरीप' हा अरबी शब्द, अर्थ शरद ऋतू. 'रब्बी' म्हणजे वसंत, रबीउल अव्वल या महिन्याच्या नावातला 'रबी' तोच. 'हंगाम' फारसी. 'जिल्हा', 'तालुका', 'मौजे' यांचे मूळ अरबीत. मोर्शीचा शेतकरी कोणत्याही धर्माचा असो, वर्षातून दोनदा तो अरबी शब्द उच्चारूनच पेरणीला लागतो.

उलट दिशेनेही प्रवास झाला. महानुभाव पंथ वऱ्हाडातून निघून पंजाबात गेला. तिथे त्याला 'जयकृष्णी' म्हणू लागले, आणि तो थेट काबूलपर्यंत पोहोचला. त्यांच्याबरोबर मराठी पोथ्याही तिकडे गेल्या. पंजाबी बोलणारी माणसे धर्मासाठी मराठी शिकली. तेव्हा भाषेची सरहद्द नकाशावर शोधायची नसते.

प्रश्न आठवा : दूरदर्शनवरचे 'महाभारत' कुणी लिहिले?

रिद्धपूरचा पंथ कृष्णभक्तांचा, म्हणून हा प्रश्न इथे शोभतो. भारतात दूरदर्शनची सुरुवात १५ सप्टेंबर १९५९ ला दिल्लीत झाली. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले, रंग आले १९८२ मध्ये. आमच्या पिढीला आठवते ते आख्ख्या गल्लीत एक संच आणि त्याच्यापुढे सतरंजीवर दाटीवाटीने बसलेली सगळ्या घरची पोरे. २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' लागू लागले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत.

त्या मालिकेचे संवाद राही मासूम रजा यांनी लिहिले. गाजीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे हे उर्दू-हिंदी लेखक. मुसलमानाने महाभारत का लिहावे, असा आक्षेप घेणारी पत्रे निर्मात्यांकडे आली. ती वाचून रजा यांनी लिहायचे पक्के केले, आणि आपण गंगेचेच लेकरू आहोत असे उत्तर दिले, असे सांगितले जाते. अर्जुनाची भूमिका केली होती ती फिरोज खान या अभिनेत्याने. लोकांनी मालिका पाहिली, संवाद पाठ केले, आणि लिहिणाऱ्याचा धर्म विचारायचे विसरून गेले. काम चोख असले की असे होते.

शेवटचा प्रश्न, उत्तर तुम्ही द्यायचे

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आणि मराठी भाषेचे विद्यापीठ राज्य सरकारने काढले ते पुण्या-मुंबईत नव्हे, आपल्या रिद्धपुरात. तिथे पुढे कोश होतील, बोलींचा अभ्यास होईल, लोकगीते जमवली जातील. त्यात वऱ्हाडच्या मुसलमान घरांची बोली असेल का? पिंजाऱ्यांचे, अत्तारांचे, विणकरांचे धंद्यातले शब्द असतील का? चक्कीवरची गाणी असतील का?

आपण दिली तर असतील. नाही दिली, तर आपल्याला वगळून मराठीचा इतिहास लिहिला गेला अशी तक्रार करायला पुढे आपणच मोकळे राहू, पण त्या तक्रारीत दम नसेल. हिराइसाने आठवले म्हणून ग्रंथ उरला. आपल्या घरातल्या हिराइसा आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, आणि त्यांचे डोळे-कान थकत चालले आहेत.

म्हणून वाचकांना, विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींना, आमची एकच विनंती. या ईदच्या सुट्टीत नानी किंवा दादीजवळ बसा. मोबाइल तुमच्या हातात असतोच, त्यावर त्यांचा आवाज घ्या. लग्नाची दोन गाणी, एक अंगाई, दळणाचे एखादे गाणे, आज कुणी बोलत नाही असे दहा शब्द. सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख खाली लिहा. एका वहीत उतरवा आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. पुरेशा वह्या जमल्या की इन्शाअल्लाह आम्ही स्वतः त्या घेऊन रिद्धपूरला जाऊ.